बावीस वर्षं न चाखता

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, आणि अक्षर असं आहे की किराणा दुकानदार माझी यादी मलाच वाचायला लावतो. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मला बोलायला जमत नाही. चार माणसं बसलेली असली की आवाज घशातच राहतो, म्हणून लिहिते.

मी पाचगणीला एका बंगल्यात बावीस वर्षं स्वयंपाक केला. बंगला एका ख्रिश्चन बाईंचा. त्या तिथल्या शाळेत पियानो शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना टीचर म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. शाळेची नोकरी संपल्यावर त्यांनी बंगल्याच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. येणारे बहुतेक त्यांचेच जुने विद्यार्थी, आता पोट सुटलेले, केस पिकलेले. ते डोंगर बघायला येत नव्हते. रविवारच्या जेवणाला येत होते, आणि रविवारचं जेवण म्हणजे पॉट रोस्ट.

पॉट रोस्ट म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचा अख्खा तुकडा, भाज्यांबरोबर मंद आचेवर पाच-सहा तास शिजवलेला. सुरुवातीची बरीच वर्षं बैलाचं यायचं. पुढे ते कायद्यानं बंद झालं, तेव्हापासून रेड्याचं. आमच्याकडे हे नाव घेऊन कोणी बोलत नाही, मोठ्याचं म्हणतात.

मी आटपाडीकडची, शेतकरी घरातली. तुळशीची माळ सांभाळणाऱ्या घरातली नाही. बोकड, कोंबडं सगळं खातो. पण मोठ्याचं नाही. लग्न होऊन वाईला आले, आठ वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं. सासरी भांडी घासायला ठेवलं असतं, तर मग पगार घेऊन का घासू नये, म्हणून पाचगणीला आले. टीचरकडे भांड्यांवरच लागले. सहा महिन्यांनी त्यांचा म्हातारा खानसामा काम सोडून गेला आणि टीचर मला म्हणाल्या, "सुमन, तू शिकशील?"

मी खाली बघत सांगितलं, "शिकंन. पर खायाची न्हाई. चाखायचीबी न्हाई."

टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. हात तुझे, जीभ माझी." बावीस वर्षं तसंच चाललं.

न चाखता स्वयंपाक कसा करतात, हे लोकांना खरं वाटत नाही, म्हणून सांगते. शनिवारी साताऱ्याहून मांस यायचं, खांद्याचं, बिनहाडाचं, अडीच-तीन किलोचा एक तुकडा. त्याला सुती दोऱ्यानं आवळून बांधायचं, म्हणजे शिजताना आकार सुटत नाही. मीठ, भरडलेली मिरी आणि थोडा व्हिनेगर चोळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी फडक्यानं कोरडं पुसायचं. हे लोक विसरतात. ओलं मांस तापल्या तुपात टाकलं तर ते भाजत नाही, उकडतं. बिडाचं जड भांडं होतं, झाकणासकट उचलायला दोन माणसं लागायची. त्यात तूप कडकडीत तापवून तुकडा चारी बाजूंनी गडद तांबडा होईपर्यंत भाजायचा. तिथं घाई केली की पुढचे पाच तास फुकट. मग मांस काढून त्याच तुपात कांदे, लसूण, तमालपत्र, चार लवंगा. मांस परत आत, आणि पाणी फक्त अर्ध्यापर्यंत. वर अर्धा पेला लाल वाइन. उरलेला अर्धा टीचर स्वतः घ्यायच्या. म्हणायच्या, भांड्याला एकटं कशाला पाजायचं. झाकण ठेवून कडेनं कणकेची वात लावून बंद करायचं.

पुढचं काम कानांचं. भांड्याजवळ कान नेला की एक बुडबुडा आला पाहिजे, मग मनात एक-दोन-तीन म्हणावं, मग दुसरा. खळखळ ऐकू आली तर आच जास्त झाली, मांस दोऱ्यासारखं होणार. वासही तीन तऱ्हेचे येतात. आधी कच्चा, मग कांद्याचा, आणि चार तासांनंतर एक गोडसर वास येतो, जुन्या गुळासारखा. तो आला की कणीक फोडायची आणि गाजर, बटाटे, सलगम घालायचे. आधी घातले तर त्यांचा लगदा होतो. शेवटी दोन दातांचा काटा खुपसून फिरवायचा. जोर न लावता फिरला तर झालं. रेड्याच्या मांसाला बैलापेक्षा तासभर जास्त लागतो, कारण त्यात चरबी कमी. हे मला कोणी सांगितलं नाही, काट्यानं सांगितलं.

मीठ बाटलीच्या टोपणानं मोजायचे. उतरवायच्या अर्धा तास आधी रस्सा चमच्यात घेऊन टीचरच्या खोलीत न्यायचे. त्या डोळे मिटून चाखायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "बस." नाहीतर "मीठ." मीठ म्हणाल्या की मी परत घालायला जायचे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. पुण्याचे एक मोठे वकील होते. ते जेवणाच्या खोलीत बसायचेच नाहीत. मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायचे, पिठाच्या डब्यावर बसून खायचे आणि म्हणायचे, "सुमनबाई, माझ्या ड्रायव्हरला कळता कामा नये. आमच्या गावचा आहे तो." ते झोपायला गेले की तो ड्रायव्हर त्याच दारानं यायचा, त्याच डब्यावर बसायचा. "मावशी, सायबाला सांगू नगा. लय सोवळं हाय त्यांच्याकडं." मी दोघांनाही वाढायचे. दोघांच्याही ताटात काही उरायचं नाही. तेव्हा मला हसू यायचं.

मी दर वर्षी चैत्रात गावी जायचे, देवीच्या जत्रेला. आईवडील गेलेले. घर दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो फौजेतून हवालदार होऊन परत आला. जत्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि आमच्या घरातलं पुरण मीच घालायचे. वहिनीचं पुरण सैल होतं, ती स्वतःच म्हणायची. पण मला चुलीपाशी जाऊ देण्याआधी ती उंबऱ्यात उभी राहायची आणि विचारायची, "वन्सं, जिभंला लावलं न्हाई न्हवं?"

मी म्हणायचे, "न्हाई."

मग ती माझ्या पायावर पाणी घालायची, मी आंघोळ करून पुरण घालायचे. सगळ्यांना माहीत होतं मी काय शिजवते ते. भावकीत चर्चा झालीही होती. पण शिजवते, खात नाही, पोटासाठी करते, एवढ्यावर निभावलं. वर्षाला एक प्रश्न आणि एक उत्तर. मला ते अपमानाचं वाटलं नाही कधी. उलट बरं वाटायचं. खरं बोलून आत जात होते.

पाच वर्षांमागं दादा पाचगणीला आला. नवीन घर बांधायला काढलं होतं, स्लॅबला पैसे कमी पडत होते. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "सुमे, तुझं पोस्टातलं पैसं नुसतं पडूनच हायत न्हवं? घरात घाल. वरच्या मजल्याला एक खोली तुझी. हातपाय थकल्यावर कुटं जाणार हायस तू? इतं म्हातारी मेली की तुला कोण इचारणार?"

मला तेच भ्या होतं. टीचरनंतर माझं काय, हे रोज रात्री डोक्यात यायचं. मी तीन लाख दहा हजार रुपये काढून दिले. सतरा वर्षांची शिल्लक होती. कागद केला नाही. भावाकडून कागद मागायला तोंड उघडलं नसतं माझं.

त्या दिवशी रविवार होता. दादा म्हणाला, "वास लय झ्याक येतुया." मी म्हटलं, "दादा, मोठ्याचं हाय." तो म्हणाला, "मला म्हाईत हाय गं. नोकरीत सगळा मुलूख फिरलुया मी. वाड." मी वाढलं. त्यानं दोन वेळा मागून घेतलं, पावानं ताट पुसून खाल्लं. हात धुताना म्हणाला, "घरी बोलू नगंस." मी बोलले नाही.

घर झालं. वरची खोली झाली. जत्रेला गेले की मी त्या खोलीत झोपायचे. दक्षिणेला खिडकी होती. तिथं आमची बाभळ दिसायची आणि पुढं नुसतं माळरान. मी खिडकीला पडदा शिवून नेला, एक पत्र्याची पेटी नेऊन ठेवली. पाचगणीला धुक्यात कपडे वाळत नसले की मनात यायचं, तिथं एका तासात वाळतील.

आता जे बिघडलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात टीचरना ताप आला आणि त्यानंतर त्यांची जीभ गेली. बोलायच्या नीट, पण चव कळत नव्हती. ही गोष्ट त्यांना कळली नाही आणि मलाही नाही. एका रविवारी दहा जुने विद्यार्थी आले होते. मी चमचा नेला. टीचर म्हणाल्या, "मीठ." घातलं. परत नेला. "मीठ." मला वाटलं, टोपण चुकलं असेल. तिसऱ्यांदाही "मीठ". माझे हात, त्यांची जीभ, असं ठरलेलं. मी घातलं.

ताटं परत आली तेव्हा मांस जसंच्या तसं होतं. गाजर खाल्लेलं, पाव खाल्लेला, पाण्याचे तीन जग रिकामे. कोणी तक्रार केली नाही. एकजण स्वयंपाकघरात येऊन "फार छान होतं" असंही म्हणून गेला. ते ऐकून मला जास्त लाज वाटली. टीचरनी ताटं बघितली. मला बोलावून म्हणाल्या, "सुमन, किती घातलंस?"

"तुमी सांगितलं तेवडं."

त्यांनी ताटातला तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावत बसल्या, आणि म्हणाल्या, "मला काहीच लागत नाही."

त्यानंतर मी टोपणानंच मीठ घालत गेले, बरं-वाईट कसंही. पण मांस सारखं नसतं. कधी तुकडा मोठा, कधी रस्सा जास्त आटतो. पाहुणे ताटाशेजारी मिठाची बाटली मागायला लागले. माझ्या भांड्याजवळ मिठाची बाटली. वीस वर्षांत कोणी मागितली नव्हती.

गेल्या जानेवारीत टीचरना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्याआधीच त्यांनी ठरवलं होतं की मे महिन्यात बंगला बंद करून पुण्याला वृद्धाश्रमात जायचं. म्हणजे हा वाढदिवस त्या घरातलं शेवटचं मोठं जेवण होता. चोवीस माणसं येणार होती. दोन भांडी लावली. दुसरं भांडं एका हॉटेलातून आणलेलं, पातळ बुडाचं. त्याचा मला भरवसा नव्हता. अर्धा तास राहिला तेव्हा मी सवयीनं चमचा घेऊन टीचरच्या खोलीत गेले. त्या आरशासमोर बसून कानातलं घालत होत्या. चमच्याकडे बघून म्हणाल्या, "मला नको दाखवू. तू सांग मला."

"टीचर, म्या कवाच..."

"माहीत आहे मला. मी सांगत नाही तुला. तुला वाटलं तर."

एवढंच बोलल्या. जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं. मी स्वयंपाकघरात आले. दार लोटून घेतलं. बाहेर सगळी म्हातारी मुलं शाळेची गाणी म्हणत होती. माझ्या हातचं शेवटचं जेवण खारट गेलं असतं किंवा अळणी गेलं असतं, आणि त्यांनी परत पाणी पिऊन छान म्हटलं असतं. मी फुंकर घालून चमचा जिभेला लावला.

मीठ थोडं कमी होतं. अर्धं टोपण घातलं, ढवळलं. दुसऱ्या भांड्यातलं बरोबर होतं.

यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. मला ते आवडलं. गाजराची गोडी, मिरीचा तिखटपणा, आणि खाली तो गुळासारखा वास, जो मी इतकी वर्षं नुसता नाकानं ओळखत होते. त्याला एवढी चव असेल असं वाटलं नव्हतं. मी दुसरा चमचा घेतला. मीठ बघायला पहिला पुरला होता.

त्या दिवशी चोवीस ताटं पुसल्यासारखी परत आली.

चैत्रात गावी गेले. या खेपेला नुसती जत्रेला गेले नव्हते. मे महिन्यात माझं काम संपणार होतं, बंगल्यामागची माझी खोली सुटणार होती. दोन पिशव्या कपडे आणि माझा मिक्सर बरोबर नेला. दादाला फोनवर आधीच सांगितलं होतं, आता कायमची येते. तो म्हणाला होता, "ये की. खोली तुझीच हाय."

उंबऱ्यात वहिनी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. दादा सोप्यात खाटेवर बसला होता. भावकीतल्या दोन बायका पुरणाची डाळ निवडत होत्या. वहिनीनं नेहमीसारखं विचारलं. तिचं लक्षही नव्हतं माझ्याकडं, तांब्या कलता करून उभी होती. "वन्सं, जिभंला लावलं न्हाई न्हवं?"

न्हाई म्हणायला काय लागत होतं. पण देवीचं पुरण होतं, आणि एकवीस वर्षं मी तिथं खरंच बोलले होते. मी म्हटलं, "लावलं, वैनी."

डाळ निवडायची थांबली.

"म्हंजी?"

"मीठ बघाया. टीचरची जीभ गेलीया."

"कितींदा?"

"दोन चमचं."

वहिनीनं तांब्या सरळ केला. पाणी घातलं नाही. ती वाईट बाई नाही. तिचा आवाजही चढला नाही. ती दादाकडं वळून म्हणाली, "आवं, ऐकलंसा का?"

मी दादाकडं बघितलं. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. सगळं सांगावं असं नाही. नुसतं, जाऊ दे गं, पोटासाठी केलं, एवढं तरी. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. खाटेची सुटलेली पट्टी आत खोचत बसला. खाली बघतच म्हणाला, "देवीचं हाय, सुमे. नेम म्हंजी नेम."

डाळ निवडणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, "इतकी वर्सं सांबाळलं आन् म्हातारपणी जीब सुटली व्हय गं तुजी?" दुसरी हसली.

माझ्या तोंडात होतं सगळं. पायरी, पाव, दोन वेळा मागून घेतलेलं ताट. बोलले असते तर त्या बायकांनी संध्याकाळपर्यंत गावभर केलं असतं, आणि दादाची बसायची जागा गेली असती. तो देवस्थानच्या पंचांत आहे. मी बोलले नाही. हे चांगुलपणानं केलं असं मी म्हणत नाही. मला माणसांपुढं बोलता येत नाही, तसंच झालं. पुष्कळदा वाटतं, बोलायला हवं होतं.

मला गोठ्याशेजारच्या पडवीत जेवण दिलं. ताट वेगळं, पत्रावळीचं. दुसऱ्या दिवशी बोकड पडला. दर वर्षी त्याचा रस्सा मीच करायचे. त्या वर्षी आचारी बोलावला होता. वहिनी पडवीत येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, वाईट वाटून घिऊ नगा. खोलीचं जरा ऱ्हाऊ द्या. लोकांचं त्वांड हाय, पोरीचं जमवायचं हाय अजून." मी मिक्सर आणि पिशव्या उचलून सकाळच्या एसटीनं परत आले. पेटी वरच राहिली. मागायला सुचलं नाही.

मधे एकदा, खोली झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, मला डोळ्याच्या ऑपरेशनला वीस हजार हवे होते. दादाकडं मागितले होते. तेव्हा त्यानं सांगितलं होतं, सगळं सिमेंटात गेलं, चहाला पैसे नाहीत. टीचरनी खर्च केला तो. हे लिहिते, कारण पुढचं वाचताना आठवावं.

जत्रेनंतर अकराव्या दिवशी दादा पाचगणीला आला. मी बंगल्यातली भांडी कागदात गुंडाळत होते. बिडाचं भांडं टीचरनी मला दिलं होतं, ते मधोमध होतं. दादा पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "पतसंस्थेतनं काडलं." आणि कापडी पिशवी पुढं केली.

"कशाचं?"

"तुजं. घरात घातल्यालं."

"म्या मागितलं न्हवतं, दादा."

"न्हाई मागितलंस. पर देनं ऱ्हायाला नगो. मंग कोन म्हनायला नगो की तिच्या पैशातली खोली हाय." बाहेर हात करून म्हणाला, "तुजी पेटी आनलीया. रिक्षात हाय."

मी विचारलं, "च्या टाकू?"

"नगो."

"पानी तरी पी. घाट चढून आलायस."

तो माझ्या हातातल्या पेल्याकडं बघत राहिला. त्याला तहान लागली होती, ओठ सुकले होते. म्हणाला, "एसटी गाठायचीया." मग म्हणाला, "मोजून घे माज्यासमोर. मागनं बोलाया नगो."

मी पायरीवर बसून मोजले. पाचशेच्या नोटा होत्या, बँकेची पट्टी लावलेल्या. मला मोजायला वेळ लागतो. तो रिक्षाकडं तोंड करून उभा राहिला. तीन लाख दहा हजार बरोबर भरले. एकही रुपया कमी नव्हता.